‘पासून’ला इंग्रजीत दोन शब्द

मी इंग्रजीचा मास्तर. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातल्या हायस्कुलात सव्वीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो आहे. एवढ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा कुठली चूक दुरुस्त केली असेल, तर ती ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची. मुलं लिहितात, ‘इट इज रेनिंग सिन्स थ्री डेज.’ मी ‘सिन्स’वर लाल रेघ मारतो, वर ‘फॉर’ लिहितो, ‘इज’चं ‘हॅज बीन’ करतो आणि पुढची वही ओढतो. डोकं दुसरीकडे असलं तरी हात चालतो.

चूक तशी मुलांची नाही. आपल्याकडे ‘पासून’ हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. सोमवारपासून पाऊस आहे. तीन दिवसांपासून पाऊस आहे. इंग्रजीत हे भागत नाही. एखादी गोष्ट कधी सुरू झाली ती वेळ सांगायची असेल तर ‘सिन्स’ लागतो: सोमवार, सकाळ, दिवाळी. आणि किती काळ चालली आहे ते मोजून सांगायचं असेल तर ‘फॉर’: तीन दिवस, दोन महिने, दहा वर्षं. मी फळ्यावर आडवी रेघ ओढायचो. रेघेच्या डाव्या टोकाला ठिपका द्यायचो आणि म्हणायचो, हा ठिपका म्हणजे सिन्स. मग खडू रेघेवरून टोकापर्यंत फिरवायचो आणि म्हणायचो, ही अख्खी रेघ म्हणजे फॉर. मुलं माना डोलवायची आणि घरून परत ‘सिन्स थ्री डेज’ लिहून आणायची.

माझी बायको अंगणवाडी सेविका होती. गावच्याच अंगणवाडीत एकोणीस वर्षं. बारावी झालेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. सेविकांमधून पर्यवेक्षिका निवडायची परीक्षा निघाली, तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. पुढच्या खेपेला वयात बसेल की नाही याची खात्री नव्हती. आमची एकुलती एक मुलगी त्याच वर्षी फार्मसी शिकायला नागपूरला गेली होती आणि घर एकदम मोठं झालं होतं.

परीक्षेत इंग्रजीचा भाग होता. एका संध्याकाळी मी शाळेतून आलो, तर सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, चटई अंथरलेली, त्यावर मुलीची जुनी दोनशेपानी वही आणि समोर ही बसलेली.

“मले शिकवा,” ती म्हणाली. “पोरायले शिकवता तसंच. बायको हाय म्हणून सूट नको.”

मग आमचा नेमच झाला. साडेपाचला मी चहा घेऊन बसायचो, ती वही घेऊन. दिवसभर ती मला ‘अहो’ म्हणायची, पण त्या एका तासात ‘सर’ म्हणायची. आधी थट्टेनं, नंतर सवयीनं. रस्त्यावरून सूरजागडकडचे लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक जात असायचे आणि ट्रक गेला की वाक्य पुन्हा म्हणावं लागायचं. सपरीतल्या कठड्यावर रोज तांबड्या धुळीचा थर बसायचा. ती बसण्याआधी ओल्या फडक्यानं पुसायची, उठताना पुन्हा पुसायची.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची पाळी आली, तेव्हा तिनं माझी फळ्यावरची रेघ वहीत नीट उतरवून घेतली आणि विचारलं, “सर, आपल्या ‘पासून’मध्ये काय कमी हाय?”

“कमी काही नाही. इंग्रजीले दोन वेगळे लागते.”

“आन हे ‘हॅव बीन’ काऊन?”

“काम मागं सुरू झालं आन अजून सुरू हाय, म्हणून.”

तिनं थोडा विचार केला. “म्हणजे आपलं ‘राह्यलो’वालं वाक्य. धा सालापासून करून राह्यलो.”

मी चहाचा कप खाली ठेवला. पुण्यामुंबईच्या पुस्तकांतून शिकून आलेल्या मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. आमच्या पोरांच्या तोंडात जन्मापासून जो काळ बसलेला होता, तो मी त्यांना फळ्यावर परका म्हणून शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी ‘करून राह्यलो’वरून सुरुवात केली आणि निम्मा वर्ग एका तासात समजला. घरी येऊन तिला सांगितलं, तर ती इतकी खूश झाली की त्या दिवशी लाखोरीच्या डाळीत दोनदा मीठ पडलं.

“आन काम संपलं असंन तर?” तिनं त्याच धड्यात विचारलं होतं.

“संपलं असंन तर ‘हॅव’ जाते. फॉर राह्यते. सिन्स तसा नाही राह्यत.”

“फॉर मजबूत हाय मंग,” ती म्हणाली.

मी तिला रोज दहा वाक्यं लिहायला द्यायचो. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. व्याकरणाच्या पुस्तकांत कोणी ना कोणी कायम आजारी असतो. ‘ही हॅज बीन सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स मंडे.’ ‘माय ग्रँडमदर हॅज बीन इल फॉर अ वीक.’ गाइडं, प्रश्नसंच, सराव परीक्षा, सगळीकडे ताप, खोकला आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी. मीही तीच वाक्यं शिकून मोठा झालो, तीच शिकवली. आजारपणाचं वाक्य दिसलं की माझ्या दृष्टीनं ते सरावाचं वाक्य असायचं. त्यात कोणाचं अंग तापलेलं नसायचं.

तिची वाक्यं मात्र पुस्तकातली नसायची. ती लिहायची: मी एकोणीस वर्षांपासून अंगणवाडीत काम करते आहे. माझी मुलगी जुलैपासून नागपूरला राहते आहे. आमच्या अंगणवाडीचा वजनकाटा दोन महिन्यांपासून बिघडलेला आहे. तिची सगळी वाक्यं खरी असायची. वजनकाट्याचं वाक्य वाचून मी हसलो होतो आणि म्हणालो होतो, “हे वाक्य वर साहेबाले पाठव.” म्हणजे तिची वाक्यं खरी असतात हे मला माहीत होतं. हे मी स्वतःपासून लपवू शकत नाही.

पाऊस संपत आला होता, धान निसवायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशीच्या दहा वाक्यांतलं सातवं वाक्य होतं, ‘आय हॅव पेन इन माय स्टमक सिन्स फाइव्ह मंथ्स.’

मी ‘सिन्स’ काटला, वर ‘फॉर’ लिहिलं. ‘हॅव’च्या पुढे त्याचंच दुसरं रूप ‘हॅड’ घातलं.

“दोन दोन हॅव कशाले?” तिनं विचारलं.

मी समजावून सांगितलं. चांगली पाच मिनिटं समजावलं. म्हणालो, “पहिला काळाचा. दुसरा दुखण्याचा. दुखणं हे काम नाही ना, ते करता येत नाही, ते असते. म्हणून त्याले ‘आयएनजी’ लागत नाही.”

“एक काळाचा, एक दुखण्याचा,” ती म्हणाली.

“हो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ पाहिलं, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. मग ती “बरं” म्हणाली आणि मी आठव्या वाक्याकडे वळलो. दहातली सहा बरोबर होती. मी खाली सहा आकडा लिहून त्याच्याभोवती गोल केला.

त्या महिन्यांत तिचं जेवण कमी झालं होतं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. अंगानं बारीक होत होती, पण पोट मात्र सुटलं होतं. मी म्हणायचो, “बसून बसून रजिस्टर लिहितेस, पोट सुटन नाही तर काय?” ती हसायची आणि साडीची गाठ सैल करायची. मी हे चेष्टेनं म्हणत होतो आणि बाहेरच्या लोकांसमोरही म्हणत होतो.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी, मी दहावीवर असताना, अंगणवाडीच्या मदतनीस बाईचा फोन आला. “सर, बाई उसन्या काट्यावर लेकरायचं वजन करता करता खाली बसल्या. उठून नाई राह्यल्या.” मी मोटरसायकल काढली. ती अंगणवाडीच्या भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर रजिस्टर. मला पाहून म्हणाली, “तीन लेकरायचं वजन राह्यलं.”

गडचिरोलीला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तिला आडवं केलं, पोट दाबून पाहिलं, बोटांनी ठोकून पाहिलं. मग विचारलं, “कधीपासून त्रास आहे?”

“सात महिने झाले,” ती म्हणाली.

मी उभा होतो तिथेच तिच्याकडे वळलो. “सात महिने? आन मले सांगितलं नाहीस?”

तिच्या आवाजात राग नव्हता. कोणाला एखाद्या साध्या गोष्टीची आठवण करून द्यावी तशी ती म्हणाली, “लिवलं होतं ना. तवा पाच झाले होते. तुमी सिन्स काटून फॉर केलं.”

डॉक्टरबाईंना यातलं काही कळलं नाही. त्या चिठ्ठीवर सोनोग्राफी लिहीत होत्या. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो. त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. पोटात पाणी होतं. अंडाशयात गाठ होती आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. नागपूरला नेलं. मुलगी वसतिगृहातून पळत आली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी किमो द्यावी लागेल, मग शस्त्रक्रियेचं बघू. मी त्यांना एकटं गाठलं आणि विचारलं, “डॉक्टर, दोन महिने आधी आणलं असतं तर?”

“असं काही सांगता येत नाही,” ते म्हणाले.

“तरी?”

“सर, खरंच सांगता येत नाही.”

मला हो तरी हवं होतं, नाही तरी. त्यांनी दोन्ही दिलं नाही आणि जायला निघाले. मागे वीस माणसं थांबलेली होती.

तिनं बोलून का नाही सांगितलं, हे मी तिला एकदाच विचारलं. किमोच्या दुसऱ्या खेपेहून परत येत होतो. भाड्याची गाडी होती, पुढे खनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती आणि अर्ध्या तासापासून आम्ही जागचे हललो नव्हतो. ती मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. डोक्याला ओढणी बांधलेली.

“माझी माय बी पोटानंच गेली,” ती म्हणाली. “मले समजलंच होतं थोडं. तुमाले सांगतलं असतं तर तुमी लगेच नागपूरले आणलं असतं, आन परीक्षा गेली असती. अन् नाई सांगतलं तर जीव बी राह्यत नव्हता. मंग लिवून पाह्यलं. म्हटलं, यायनं विचारलं तर सांगू. नाई विचारलं तर परीक्षा होऊन जाऊ देऊ.”

“आन मी नाही विचारलं.”

“तुमी शिकवत होते,” ती म्हणाली. तिनं माझा हात धरून तो आपल्या गालाखाली घेतला. “चांगलं शिकवता तुमी.”

मी खिडकीबाहेर पाहत बसलो. ती झोपली. रांग हलली तेव्हा गाडीवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

परीक्षा पुढे ढकलली गेली होती. नवी तारीख आली ती तिच्या चौथ्या आणि पाचव्या किमोच्या मधली. मुलगी नाही म्हणाली, डॉक्टर म्हणाले तुम्ही बघा. तिनं कोणाचंच ऐकलं नाही. गडचिरोलीच्या एका शाळेत तिचं केंद्र आलं होतं. मी तिला दारापर्यंत सोडलं. सोबतच्या सेविकांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला वर्गात नेलं. ओळखपत्रावरचा फोटो केसांचा आणि समोरची बाई ओढणीतली, म्हणून दारातल्या पोरानं तिला थांबवलं. तिनं ओढणी मागे सारली. त्यानं मान खाली घातली आणि आत सोडलं.

मी बाहेर कडुलिंबाखाली उभा राहिलो. दोन तास. माझ्या शाळेच्या कितीतरी मुलांसाठी मी असा केंद्राबाहेर उभा राहिलो आहे, पण त्या दिवशी माझे पाय एका जागी ठरत नव्हते.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे हसत होते. गाडीत बसल्यावर म्हणाली, “सर, सिन्स-फॉर आलं होतं.”

“काय लिवलंस?”

“बरोबर लिवलं. गणितातलं वेळ-काम राह्यलं. वेळ पुरला नाई.”

निकाल लागला, तेव्हा ती घरी होती. मदतनीस बाईनं मोबाइलवर यादी पाहिली, दोनदा पाहिली. तिचं नाव नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “जाऊ द्या. पुढच्या बारी.” आणि मदतनीस बाईला विचारलं, “वजनकाटा आला का नवा?”

शस्त्रक्रिया झालीच नाही. गाठी जिथे जायला नको तिथे गेल्या होत्या. शेवटच्या महिन्यात दर आठ दिवसांनी पोटातलं पाणी काढावं लागायचं आणि नंतर नंतर तेही तिला सोसेना, तेव्हा आम्ही नेणं बंद केलं. गावातल्या बायका रोज येऊन बसायच्या. तिनं ज्यांचं वजन केलं होतं, ती आता माझ्या वर्गात बसणारी पोरं दारातून डोकावून जायची. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत, एका गुरुवारी सकाळी, मुलगी दूध तापवत होती आणि मी तिचे पाय चेपत होतो, तेव्हा ती गेली. आधी मला कळलंच नाही. मी चेपत राहिलो. मुलगी आली आणि म्हणाली, “बाबा, राहू द्या आता.”

विहारातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या आणि वंदना झाली. अंगणवाडीच्या सेविका आजूबाजूच्या दहा गावांहून आल्या होत्या. नदीकाठी नेलं. वैनगंगेला पाणी कमी होतं. त्या दिवसाचं एवढंच मला आठवतं.

पंधरा दिवसांनी मुलीच्या कॉलेजला अर्ज लिहायचा होता, हजेरी कमी भरली म्हणून. मी इंग्रजीत लिहिला. दोन परिच्छेद, खाली सही. मुलीनं वाचला. मग बोट ठेवून म्हणाली, “बाबा, इथं ‘हॅज बीन’ नाही येणार.”

मी लिहिलं होतं, ‘माझी पत्नी एकोणीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका म्हणून काम करते आहे.’ हात आपोआप चालला होता. मी कागद जवळ घेतला. ‘हॅज बीन वर्किंग’ काटायचं होतं आणि तिथे ‘वर्क्ड’ लिहायचं होतं. बाकीचं वाक्य तसंच राहत होतं, एकोणीस वर्षंही आणि त्यांच्या आधीचा ‘फॉर’ही. मी पेन उघडलं आणि मला ते जमेना. वहीत हजारो वेळा केलेलं काम. शेवटी मुलीनं माझ्या हातातून पेन घेतलं, दुरुस्ती केली, आणि सगळा अर्ज दुसऱ्या कागदावर स्वतः उतरवून काढला.

शाळा सुरू झाली. आठवीला तो धडा आला तेव्हा मी एक दिवस रजा टाकली, दुसऱ्या दिवशी कविता घेतली. तिसऱ्या दिवशी एका मुलीनं हात वर केला. “सर, मधलं पान सुटलं.” मग शिकवलं. रेघ काढली, ठिपका दिला. ‘करून राह्यलो’ सांगितलं. ते कोणी शोधलं हे सांगितलं नाही. ते मला वर्गात बोलता आलं नसतं.

तेव्हापासून माझं वह्या तपासणं फार हळू झालं आहे. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘माय मदर इज सिक सिन्स टू मंथ्स.’ मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं.

“आई आजारी हाय का तुझी?”

ती घाबरली. “नाई सर. ती धानाच्या रोवण्याले गेली हाय. वाक्य गाइडातलं हाय.”

“पण नक्की बरी हाय ना?”

“हो सर.”

असं मी अनेकांना विचारलं आहे. कोणाचा बाप तापानं फणफणलेला नसतो, कोणाची आजी खाटेवर नसते. अजून तरी एकही वाक्य खरं निघालेलं नाही. माझ्यामागे पोरं हसत असतील. शिक्षकांच्या खोलीतही एकदा विषय निघाला होता, मी आत गेलो तेव्हा थांबला. तरी मी विचारतो. चूक नंतर दुरुस्त करतो.

वहीतल्या त्या सातव्या वाक्याबद्दल मी मुलीला दोन वर्षं काही सांगितलं नाही. डॉक्टरबाईंच्या खोलीत ती नव्हती, गाडीतही नव्हती. आईनं दुखणं अंगावर काढलं, एवढंच तिला माहीत होतं. गेल्या दिवाळीला ती आली. चार दिवस राहिली, घर झाडलं, भांडी घासून लख्ख केली, माझे शर्ट इस्त्री केले. जायच्या दिवशी मी तिला फाट्यावर सोडायला गेलो. नागपूरची बस यायची होती. निवाऱ्यात आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही जेवत नाही नीट. शेजारच्या काकू सांगत होत्या.” आणि का कोण जाणे, मी बोलून टाकलं. सगळं. पाच महिने, सिन्स, फॉर, दोन हॅव, दहापैकी सहा. गाडीत तिची आई जे म्हणाली तेही.

मुलगी ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. मी तयार होतो. ती बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

“मले सांगितलं होतं तिनं,” ती म्हणाली.

“काय?”

“फोनवर. मी होस्टेलवर गेली त्याच पावसाळ्यात. म्हणाली, पोट फुगल्यासारखं राह्यते, जेवण नाही जात. मी फर्स्ट इयरले होती, नवीन नवीन औषधांची नावं पाठ करत होती. मी तिले गॅसची गोळी सांगितली. सकाळी उपाशीपोटी घे म्हटलं.” तिनं पट्टा बोटावरून सोडला. “नंतर पुन्हा एकदा विचारलं मी. ती म्हणाली, हो, बरं वाटते. मले किती आनंद झाला होता, बाबा. मी रूममधल्या पोरींना सांगितलं की माझ्या गोळीनं आईले बरं वाटलं.”

दोन वर्षं ती सुट्टीत घरी आली की आम्ही एका ताटाला बसत होतो. मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून. तिनं फार्मसी मध्येच सोडायचं म्हटलं होतं, तेव्हा मी तिला आळशी म्हणालो होतो. त्याचं कारण आता फाट्यावर, बसची वाट बघताना, मला समजत होतं.

“तुझी चूक नाही त्यात,” मी म्हणालो. “अठरा वर्षांची होतीस तू.”

“तुमची बी नाही मग.”

“माझी हाय.”

“तर मग माझी बी हाय,” ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचो तसा. तिनं तो काढला नाही. एक ट्रक गेला, त्यामागून दुसरा. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही डोळे मिटून घेतले.

“बाबा, आई रागावली होती का तुमच्यावर?”

“नाही.”

“माझ्यावर?”

“तिनं तुझं नाव बी घेतलं नाही. गोळीचं मले आज समजून राह्यलं.”

“मग रागवाले आपण दोघंच राह्यलो,” ती म्हणाली, आणि तेव्हा ती रडली. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलवत, आवाज न करता. मी तिला जवळ घेतलं. मीही रडलो. निवाऱ्यात एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन आली, आमच्याकडे पाहून तिनं टोपली दूर ठेवली आणि पाठ करून बसली.

बस आली. मी बॅग वर चढवली. मुलगी खिडकीपाशी बसली, काच सरकवली. कंडक्टरनं घंटी दिली. बस वळणाच्या पुढे दिसेनाशी झाली, तेव्हा म्हातारीनं विचारलं, “लेक हाय का, भाऊ?”

“हो,” मी म्हणालो. “नागपूरले शिकते.”

“लेक येईन परत,” ती म्हणाली आणि टोपलीवरचं ओलं फडकं सारखं करू लागली.